‘मराठी घरं’ शोधून देणारं सॉफ्टवेअर घ्यावं का?

प्रश्न असा आहे. इंदूरच्या सुदामा नगरातल्या एक ताई घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दिवाळीचा फराळ विकतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज ३०० रुपयांची जाहिरात लावायची त्यांची तयारी आहे. जाहिराती जिथून लावतात त्या ॲड्स मॅनेजरमध्ये वय, लिंग, शहर निवडता येतं, पण ‘मराठी कुटुंब’ किंवा ‘गणेशोत्सव’ असं काही सापडत नाही. कुणीतरी त्यांना वर्षाला ६,००० रुपयांचं एक सॉफ्टवेअर सुचवलं आहे. त्यात ‘लपलेले’ डेमोग्राफिक पर्याय, म्हणजे माणूस कोण आहे यावरून निवडायचे कप्पे, दिसतात, असं विकणारा सांगतो. घ्यावं का?

ताई, सरळ सांगतो, आत्ता घेऊ नका. सॉफ्टवेअर खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण ते जे काम करतं, त्या कामावाचून तुमचं काही अडलेलं नाही. तुमचं अडलंय ते वेगळ्याच जागी. मी इंदुरात बारा वर्षं हेच काम करतोय, आणि त्या जागी मी स्वतः अडखळलेलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी हे सॉफ्टवेअर आतून काय करतं ते बघू. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीने प्रोग्रामर लोकांसाठी एक दार उघडं ठेवलं आहे, त्याला मार्केटिंग एपीआय म्हणतात. त्यात टार्गेटिंगचे, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची ते निवडायचे, पर्याय शोधायची सोय आहे. एक शब्द पाठवायचा, की त्याच्याशी जुळणारे पर्याय परत येतात. प्रत्येक पर्यायाबरोबर त्याचा क्रमांक, तो कोणत्या गटातला, आणि त्यात अंदाजे किती खाती आहेत याचा खालचा आणि वरचा आकडा येतो. ॲड्स मॅनेजरच्या चौकटीत टाइप केल्यावर जी यादी उघडते ती आखूड असते. एपीआयमधून लांब यादी मागवता येते. बाजारातली बहुतेक साधनं एवढंच करतात: तीच यादी मागवायची, तक्त्यात मांडायची, आकड्यांप्रमाणे वर-खाली लावायची आणि एक्सेलमध्ये उतरवून द्यायची. ‘लपलेले’ म्हणतात ते हेच. मेटाकडे जो पर्याय नाही, तो कुठलंही सॉफ्टवेअर निर्माण करू शकत नाही.

मग मेटाकडे डेमोग्राफिक्स म्हणून काय असतं? शिक्षण, नोकरी, नातेसंबंध, पालक आणि ‘आयुष्यातल्या घटना’. शिक्षणात पातळी, विषय, कॉलेज. नोकरीत हुद्दा, कंपनी, क्षेत्र. नातेसंबंधात अविवाहित, साखरपुडा झालेले, विवाहित वगैरे. पालकांत मुलांच्या वयाप्रमाणे कप्पे: तान्ह्या बाळापासून १८ ते २६ वर्षांच्या मोठ्या मुलांपर्यंत. आयुष्यातल्या घटनांत नवीन नोकरी, नुकतं लग्न, जवळ आलेला वाढदिवस, आणि तुमच्या धंद्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे दोन: ‘कुटुंबापासून दूर’ आणि ‘मूळ गावापासून दूर’. या दोघांकडे मी पुन्हा येणार आहे.

मातृभाषा किंवा समाज या यादीत कुठेच नाही. ते लपवून ठेवलंय असंही नाही. एकेकाळी अमेरिकेत वांशिक ओळखीशी जवळीक दाखवणारे कप्पे होते. २०१६ साली प्रोपब्लिका या संस्थेच्या पत्रकारांनी दाखवून दिलं, की घरांच्या जाहिरातीतून त्या कप्प्यांच्या आधारे ठराविक लोकांना वगळता येतं. म्हणजे घर भाड्याने आहे हे त्यांना कळूच द्यायचं नाही. २०१८ मध्ये मेटाने, तेव्हाच्या फेसबुकने, ५,००० हून जास्त पर्याय काढून टाकले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यांतल्या तडजोडीनंतर तिथे घर, नोकरी आणि कर्जाच्या जाहिरातींसाठी वय, लिंग आणि पिनकोड निवडणं बंद झालं. १९ जानेवारी २०२२ पासून आरोग्य, राजकीय मतं, लैंगिक कल आणि धार्मिक प्रथा किंवा गट यांच्याशी जोडलेले पर्याय जगभर काढायला सुरुवात झाली. तुम्हाला ‘गणेशोत्सव’ सापडत नाही, त्याचं मूळ इथे शोधा. मला हे योग्यच वाटतं. माझा धंदा त्याने थोडा अवघड झाला, पण उद्या एखाद्या सोसायटीने ‘अमुक समाज सोडून’ फ्लॅटची जाहिरात लावली, तर ती माझ्या हातून जाऊ नये असंच मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, डेमोग्राफिक्समध्ये नसू दे, भाषेची चौकट तर आहे. तिथे ‘मराठी’ निवडता येतं. येतं, आणि बहुतेक सगळे तिथेच फसतात.

काही वर्षांपूर्वी राजेंद्र नगरातल्या एका काकूंच्या साड्यांची जाहिरात माझ्याकडे होती. नऊवारी, पैठणी, थोड्या माहेश्वरी. मेटाचा स्वतःचा सल्ला असा आहे, की भाषेची चौकट रिकामी सोडा, फक्त तुमच्या ग्राहकांची भाषा त्या गावात सर्रास बोलली जात नसेल तर ती भरा. वाचल्यावर वाटलं, हे तर आमच्यासाठीच लिहिलंय. हिंदीभाषक शहर, मराठी ग्राहक. मी इंदूर निवडलं, बायका निवडल्या, भाषा मराठी केली. अंदाजाचा आकडा धाडकन खाली आला. मी म्हटलं, छान, अगदी नेमकी माणसं मिळाली. चार दिवस जाहिरात जेमतेम हलली. पैसे खर्च होईनात, कारण दाखवायला माणसंच नव्हती.

त्याच आठवड्यात काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी हिशेब द्यायला गेलो होतो, हातात कैरीची डाळ आणि पन्ह्याचा पेला. दहा-बारा जणी बसल्या होत्या, सगळ्या घरात मराठी बोलणाऱ्या. मी धीर करून विचारलं, जरा फोनची सेटिंग उघडून भाषा कोणती आहे ते बघता का? एकीचाही फोन मराठीत नव्हता. अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या हिंदीत. एका आजींनी व्हॉट्सॲप उघडून दाखवलं. नातवाशी गप्पा मराठीत, पण अक्षरं सगळी रोमन. ‘जेवलास का’ हेसुद्धा इंग्रजी लिपीत. चार पिढ्या घरात मराठी टिकवलेली ही घरं फोनच्या लेखी मराठी नव्हतीच. भाषेची चौकट पुष्कळशी त्या सेटिंगवर चालते. मी ‘मराठी’ निवडून त्या खोलीतल्या प्रत्येकीला स्वतःच्या हाताने बाहेर ठेवलं होतं.

त्या रात्री घरी येऊन मी भाषेची चौकट रिकामी केली आणि जाहिरातीचा मजकूर मराठीत केला. आधी तो हिंदीत होता. पहिली ओळ होती, ‘मंगळागौरीला नऊवारी नेसायची आहे?’ बस, एवढाच बदल. ज्यांना ती ओळ कळली त्या थांबल्या, ज्यांना कळली नाही त्या पुढे गेल्या. कोण थांबतंय, कोण फोटो मोठा करून बघतंय, कोण मेसेज पाठवतंय यावरून मेटाचं यंत्र शिकतं आणि तशीच माणसं शोधत जातं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मेसेज महाग पडले, मग हळूहळू खाली आले. तेव्हापासून मी प्रत्येक मराठी ग्राहकाला हेच सांगतो, मराठी चाळणीत घालू नका, जाहिरातीत घाला.

आजकाल तर हे जास्तच लागू आहे. अलीकडच्या वर्षांत मेटाने ॲडव्हांटेज प्लस ऑडियन्स आणलं. ते चालू असेल तर तुम्ही निवडलेले बहुतेक डेमोग्राफिक पर्याय ही नुसती सूचना ठरते, यंत्र त्याच्या बाहेरही जातं. ठिकाण, किमान वय, भाषा अशा मोजक्या गोष्टीच ते बंधन म्हणून पाळतं. जुनी पद्धत निवडून तुम्ही हट्टाने चाळणी लावू शकता, पण ओढा कुठे आहे ते यावरून कळतं. ज्या यादीचं वजन कमी होत चाललंय, ती यादी शोधून देणाऱ्या साधनाला ६,००० रुपये द्यायचे का, हा विचार करा. तुमच्या बजेटमध्ये ती २० दिवसांची जाहिरात आहे.

बजेटचा हिशेबही मांडून बघा. मेटाच्या सांगण्याप्रमाणे एका ॲड सेटला, म्हणजे एकाच प्रकारच्या माणसांना दाखवायच्या जाहिरातींच्या गटाला, आठवड्यात साधारण ५० निकाल मिळाले, की त्याचा शिकण्याचा टप्पा संपतो. तुमचा निकाल म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली चौकशी. आठवड्याचे तुमचे २,१०० रुपये. समजा एक चौकशी ४० रुपयांना पडली, तर ५० च्या आसपास चौकशा येतील. एकाच ॲड सेटमध्ये त्या सगळ्या आल्या तर यंत्र शिकेल. आता सॉफ्टवेअरमधून सहा छान छान पर्याय निघाले आणि तुम्ही सहा ॲड सेट केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ-नऊ चौकशा. सहाही अर्धवट शिकलेले. हौसेने साधन घेणाऱ्यांचं हेच होतं. पर्याय सापडले की ते वापरावेसे वाटतात.

आकड्यांबद्दलही एक सांगून ठेवतो. साधनात किंवा ॲड्स मॅनेजरमध्ये दिसणारा ऑडियन्सचा आकडा हा खात्यांचा अंदाज असतो. तो जनगणनेशी जुळावा अशी त्याची रचनाच नाही, हे मेटा स्वतः लिहिते. इंदुरात मराठी माणसं किती, हे खरंच बघायचं असेल तर जनगणनेचा सी-१६ हा मातृभाषेचा तक्ता आहे. २०११ चा आहे, जुना झालाय, पण जिल्हा आणि तहसीलपर्यंतचे आकडे त्यात मिळतात आणि तो फुकट आहे. आणि डेमोग्राफिक माहिती येते लोकांनी स्वतः भरलेल्या प्रोफाइलवरून आणि त्यांच्या वागण्यावरून. आपल्याकडे प्रोफाइल भरतं कोण? माझ्या स्वतःच्या बहिणीला दोन मुलं आहेत आणि तिच्या प्रोफाइलवर ती अजून अविवाहित आहे, कारण कॉलेजात असताना भरलेलं तिने कधी बदललंच नाही.

आता तुमच्यासाठी काय करावं ते सांगतो.

ठिकाण. संपूर्ण इंदूर घेऊ शकता, पण घरपोच द्यायचं असेल तर नकाशावर खुणा ठोका: सुदामा नगर, राजेंद्र नगर, वैशाली नगर, लोकमान्य नगर, रामबाग, तिलक नगर. प्रत्येक खुणेभोवती दोनेक किलोमीटरचं वर्तुळ. सगळी वर्तुळं एकाच ॲड सेटमध्ये ठेवा. कोणत्या गल्लीत कोण राहतं हे तुम्हाला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगलं माहीत आहे. वस्त्यांची नावं मी माझ्या अंदाजाने दिली आहेत, तुम्ही तुमच्या डिलिव्हरीच्या वहीवरून ती दुरुस्त करा.

ती वही म्हणजे तुमचा सगळ्यात मोलाचा ऐवज आहे. गेल्या दिवाळीत ज्यांनी फराळ घेतला त्यांचे नंबर ९१ लावून एका तक्त्यात भरा आणि कस्टम ऑडियन्स, म्हणजे तुमच्या स्वतःच्या ग्राहकांची यादी, म्हणून मेटावर चढवा. चढताना नंबर सांकेतिक रूपात बदलून जातात. एका देशातली किमान १०० माणसं जुळली, की त्यांच्यासारखी माणसं शोधणारं लुकअलाइक करता येतं. मात्र नंबर चढवण्याआधी ग्राहकांना विचारा. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, आणि त्याचा गाभाच संमती आहे. ‘तुमचा नंबर आमच्या जाहिरातीसाठी वापरला तर चालेल ना?’ असा एक मेसेज पाठवायला कितीसा वेळ लागतो? आणि नातेवाइकांच्या किंवा भिशीच्या ग्रुपमधले नंबर उचलून चढवू नका. त्यांनी ते तुम्हाला त्यासाठी दिलेले नाहीत.

आता ते ‘दूर’ असलेले दोन पर्याय. तुमचा फराळ खातं कोण आणि विकत घेतं कोण, याचा विचार केलाय का? इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत नोकरीला आहेत. खाणारा तिकडे, पैसे देणारी आई इकडे. म्हणजे दोन वेगळ्या जाहिराती झाल्या. इंदुरातल्या आईसाठी ‘मोठ्या मुलांचे पालक’ हा कप्पा आहे, पण तो दिसला नाही तर ४८ ते ६२ वय घ्या, काम तेच होतं. मजकूर असा: ‘लेक पुण्यात, फराळ इंदूरचा. पत्ता द्या, आम्ही पाठवतो.’ पुण्यातल्या मुलासाठी ‘मूळ गावापासून दूर’ घेतलं, तर मूळ गाव कोणतं हे काही मेटा सांगत नाही. नागपूरचे, लातूरचे, कोल्हापूरचे सगळे त्यात येतात.

इथे मात्र त्या सॉफ्टवेअरच्या जातीचं साधन खरोखर कामाला येतं. पुण्यात राहणारा, पण इंदुरात शिकलेला माणूस कॉलेजवरून सापडतो. आणि कॉलेजांची नावं लोकांनी वाटेल तशी लिहिलेली असतात. आपलं विद्यापीठच घ्या. १९६४ मध्ये ते इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झालं, पुढे देवी अहिल्या विश्वविद्यालय झालं, बोलताना सगळे डीएव्हीव्ही म्हणतात. आद्याक्षरं, पूर्ण नाव, इंग्रजीत ‘युनिव्हर्सिटी’, हिंदीत ‘विश्वविद्यालय’, शिवाय खाली एखाद्या विभागाचं वेगळं पान. होळकर सायन्स कॉलेज, एसजीएसआयटीएस यांचंही तेच. ॲड्स मॅनेजरमध्ये एकेक स्पेलिंग हाताने टाकत बसावं लागतं, आणि एखादं सुटतंच. साधन सगळी रूपं एका तक्त्यात काढून देतं. माझ्याकडे कॉलेजांची आणि क्लासेसची कामं असतात तेव्हा मी असं साधन वापरतो, आणि त्याने माझे दोन दिवस वाचतात. तुम्हाला चार-पाच कॉलेजं बघायची आहेत. एका दुपारी चहाबरोबर हातानेच होतील. कॉलेज आणि नोकरीचे पर्याय मेटा अधूनमधून कमी-जास्त करते, तेव्हा आधी तुमच्या खात्यात ते दिसतात का ते बघा, मगच कुणाला पैसे द्या.

हे सगळं करताना कुरियरचा खर्च धरून किंमत ठरवा. ताजी चकली पुण्याला पोचेपर्यंत तिचा चुरा होऊ नये याची काळजी मी तुम्हाला शिकवायला नको.

गुगल आणि यूट्यूबबद्दल दोनच ओळी. तिथे वयाचे ठरलेले गट, लिंग, पालक आहेत की नाही असे कप्पे असतात आणि त्यात एक ‘अज्ञात’ नावाचा कप्पा असतो. नवीन माणूस तो आधी बंद करतो. करू नका, पुष्कळ माणसं त्यातच असतात.

साधन घ्यायचंच ठरवलंत, किंवा कुणी फुकट दिलं, तरी एका गोष्टीवर अडून बसा. फेसबुकचा पासवर्ड मागणारं साधन नको. मेटाच्या अधिकृत लॉगिनमधून परवानगी देता आली पाहिजे, आणि बिझनेस सेटिंगमधून ती एका क्लिकमध्ये काढून घेता आली पाहिजे. ब्राउझरमध्ये बसवायच्या छोट्या एक्स्टेंशनपासून तर लांबच राहा. माझ्या एका ग्राहकाने, बर्तनांचं दुकान आहे त्यांचं, असंच एक ‘लपलेले इंटरेस्ट’ दाखवणारं एक्स्टेंशन बसवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या खात्यातून कुठल्यातरी परदेशी मालाच्या जाहिराती सुरू होत्या आणि कार्डातून पैसे जात होते. पेज परत मिळवायला दीड महिना लागला. धनत्रयोदशी त्यातच निघून गेली. बर्तनवाल्याची धनत्रयोदशी जाणं म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता. दोन पायऱ्यांचं लॉगिन आजच चालू करा, आणि जाहिरातीसाठी वेगळं, कमी मर्यादेचं कार्ड ठेवा.

फुकटात एक चांगलं साधन आहे ते मात्र जरूर वापरा. मेटाची ॲड लायब्ररी. त्यात कुणाच्याही चालू जाहिराती बघता येतात. पुणे-ठाण्यातले फराळवाले आत्ता काय लिहितायत, कोणता फोटो लावतायत, एकच जाहिरात किती महिने चालू ठेवतायत ते बघा. जी महिनोन्‌महिने चालू आहे ती बहुधा पैसे मिळवून देतेय.

शेवटी, हिंदीभाषक इंदूरकरांना सोडू नका. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री साबुदाण्याच्या खिचडीपुढे उभी असलेली गर्दी बघितलीत ना? तुमची भाजणी, तुमची चकली त्यांनाही हवी आहे, फक्त ‘भाजणी’ म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागेल. म्हणून पहिल्या दहा दिवसांत एकाच ॲड सेटमध्ये दोन जाहिराती लावा, एक मराठी, एक हिंदी. मराठीत थालीपीठ तव्यावरचं, मधल्या भोकात तेल सोडलेलं, बाजूला लोण्याचा गोळा. फोटो तुमच्याच तव्याचा, फोनवर काढलेला, खिडकीच्या उजेडात. हिंदीत तेच थालीपीठ, पण आधी पाकीट, मग पीठ मळताना, मग ताटात. रोज उठून काही बदलू नका.

दहा दिवसांनी रिपोर्टमध्ये ‘ब्रेकडाउन’ दाबून वय आणि लिंगाप्रमाणे तक्ता काढा. कोणत्या वयाच्या बायका-पुरुषांकडून किती चौकशा आल्या ते त्यात मिळेल. शेजारी तुमच्या वहीतून लिहा, त्यातल्या किती जणांनी खरंच माल घेतला आणि कोणत्या भाषेत बोलले. हे दोन्ही मला पाठवा, मग पुढचं ठरवू.